श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज : एक अमेरिकी कन्चेर्टो आणि नभोवाणीवरील हार्मोनियम

वाचकाला साहित्यव्यवहाराच्या केंद्रस्थानी आणणारा विचार मराठी समीक्षेत आता रुळला आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टन्स विद्यापीठात मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पनाही अपरिचित राहिलेली नाही. कोणतीही कृती कोऱ्या मनासमोर येत नाही. आधीच्या आस्वादाने घडलेल्या अपेक्षांच्या संदर्भातच ती स्वीकारली किंवा नाकारली जाते, हे तिचे सार. परंतु हे क्षितिज घडवते कोण, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली. श्रवणाच्या इतिहासात तो अधिक ठळकपणे उभा राहतो, कारण ऐकवणाऱ्या संस्था मोजक्या असतात : रंगभूमी, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी. अशा संस्थेला श्रोत्याचा कान घडवता येतो काय, आणि एकदा घडलेला कान तिला मोडता येतो काय? जवळजवळ एकाच काळातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतील आहे. सॅम्युअल बार्बर या संगीतकाराची तंतुवाद्यांसाठी रचलेली विलंबित ‘अडाजिओ’ ५ नोव्हेंबर १९३८ रोजी तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली नभोवाणीवरून प्रसृत झाली. १९४५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाच्या वेळी तीच रचना पुन्हा नभोवाणीवरून ऐकवली गेली. ही रचना शोकाचे सार्वजनिक संगीत ठरली आणि बार्बर हे नाव दीर्घ, आर्त स्वररेषेशी जोडले गेले. त्याच १९४५ साली बार्बर यांनी राया गार्बुसोवा या वादिकेसाठी चेलो कन्चेर्टो, म्हणजे एकल चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, पूर्ण केली. एप्रिल १९४६ मध्ये बोस्टन येथे कुसेवित्स्की यांच्या संचालनाखाली ती प्रथम सादर झाली. वादिकेचे सामर्थ्य आधी ऐकून घेऊनच बार्बर यांनी ती रचली होती. तिची पहिली गती तुटक, कोनदार आणि वादनदृष्ट्या अत्यंत अवघड आहे. परिचित आर्तता मुख्यत्वे मधल्या गतीत भेटते. न्यूयॉर्कच्या संगीतसमीक्षक मंडळाने १९४७ साली या कृतीला पुरस्कार दिला. तरीही ‘अडाजिओ’ किंवा त्याच संगीतकाराचा व्हायोलिन कन्चेर्टो यांच्या तुलनेने ती क्वचितच वाजवली जात राहिली. वादनाची काठिण्यपातळी हे याचे एक कारण खरेच. पण नभोवाणीने घडवलेल्या अपेक्षेशी कृतीने केलेला विसंवाद हे दुसरे कारण दुर्लक्षिता येणार नाही. समीक्षकाने कृतीची गुणवत्ता ऐकली. श्रोत्याने आपल्या ओळखीचा बार्बर शोधला.

अमेरिकेत नभोवाणीने अपेक्षा घडवली. जवळजवळ त्याच वर्षांत भारतातील नभोवाणीने घडलेली अपेक्षा मोडण्याचा प्रयत्न केला. हार्मोनियमवरील बंदी हे आपले दुसरे उदाहरण होय.

पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली एकस्व घेतलेले हे वाद्य विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी रंगभूमीच्या अंगवळणी पडले होते. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः हार्मोनियमवादक होते, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. पुढे गंधर्व नाटक मंडळीत तिच्या जोडीला ऑर्गनचा भरदार सूर आला. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा अखंड स्वर, नट श्वास घेत असताना न तुटणारी पार्श्वभूमी आणि पदातील शब्दाला मिळणारा आधार ही या वाद्याची कार्ये होती. प्रेक्षकाने त्याचे मूळ विचारले नाही. पद ‘उभे राहते’ की नाही, एवढेच पाहिले.

विद्वानांचा आक्षेप निराधार होता असे मात्र नव्हे. सप्तकाचे बारा स्थिर भाग पाडणाऱ्या या वाद्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, हे वास्तव आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची मांडणी प्रसिद्ध केली आणि ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतिहार्मोनियमचा प्रयोग केला. हे वाद्य न नाकारता ते सुधारावे, हा यामागील विचार लक्षणीय आहे.

नभोवाणीने दुसरा मार्ग पत्करला. ऑल इंडिया रेडिओच्या युरोपीय संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली हार्मोनियमवर कठोर टीका करणारा लेख लिहिला. फोल्ड्स हे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदातील एके काळचे चेलोवादक. पडदे नसलेल्या तंतूवर हवा तो स्वर काढणाऱ्या कानाला पट्ट्यांचे बंधन खटकावे, हे स्वाभाविकच होते. फोल्ड्स यांचे १९३९ मध्ये निधन झाले. नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत १ मार्च १९४० पासून हार्मोनियम नभोवाणीवरून हद्दपार झाली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी या निर्णयाचे स्वागत केले. येथील विरोधाभास मार्मिक आहे : परदेशी वाद्यापासून भारतीय संगीताचे शुद्धत्व राखण्याची आज्ञा परदेशी अधिकाऱ्यांनी काढली आणि राष्ट्रीय वृत्तीच्या भारतीयांनी ती उचलून धरली. ‘अस्सल भारतीय’ कानाची ही प्रतिमा दोघांना सोयीची होती. प्रत्यक्ष श्रोता तीत कोठेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही बंदी टिकली. १९५० च्या दशकात आकाशवाणीच्या सेवेत असलेले पु. ल. देशपांडे स्वतः रसिक हार्मोनियमवादक होते, यातील उपरोध सहज ध्यानी यावा. नभोवाणीबाहेर मात्र मैफल, कीर्तन, भजन आणि नाटक यांत हे वाद्य चालूच राहिले. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी त्याच्या मर्यादांतूनच गायकी अंगाची वाट काढली. १९७० नंतर बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. संस्थेने कानाला वळण लावण्याऐवजी कानानेच संस्थेला वळवले.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता एक भेद दिसतो. बार्बर यांच्या श्रोत्याची अपेक्षा नाममुद्रेभोवती घडली होती, म्हणून एक प्रसारण तिला आकार देऊ शकले. मराठी श्रोत्याची अपेक्षा एखाद्या नावाभोवती नव्हे, तर व्यवहाराभोवती घडली होती : पद, अभंग, आरती यांच्या दैनंदिन सहवासात. अशी अपेक्षा आदेशाने मोडत नाही. याउस यांच्या संकल्पनेत वाङ्मयीन अनुभवाला जे प्राधान्य आहे, त्याला या व्यवहाराच्या घटकाची जोड देणे आवश्यक ठरते.

देशीयतेच्या चर्चेलाही यातून काही मिळावे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादात देशीकरणाला स्थान आहेच. ते देशीकरण कोण करते, हे येथे दिसते. १९८९ पासून कार्यरत असलेल्या न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचे मूळ जकातीच्या कागदावर नोंदलेले असते. त्याच परिसरातील आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री वाजणारा बेंजो मात्र जपानी वाद्याचा वंशज असून अमेरिकी वाद्याचे नाव मिरवतो, आणि नाचणाऱ्या पायांना त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. ध्वनीचे देशीपण त्याच्या उगमाच्या दाखल्यावरून नव्हे, तर ऐकणाऱ्यांनी त्याला नेमून दिलेल्या कामावरून ठरते.