शिरवळची लेणी आणि छायाचित्राची सुस्पष्टता

नीरेच्या खोऱ्यातील शिरवळजवळ सुमारे १५ लहान बौद्ध लेण्यांचा समूह आहे. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात त्यांची नोंद आढळते. ही लेणी अत्यंत साधी आहेत. अशा ठिकाणी अभ्यासकाची भिस्त भिंतीवरील टाकीच्या घावांवर व झिजलेल्या कडांवर असते. आज हा अभ्यास बहुधा छायाचित्रांवरून होतो. म्हणून छायाचित्रात काय उमटू शकते आणि काय उमटू शकत नाही, याचा विचार इतिहाससंशोधकानेही करणे अगत्याचे आहे.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होत. त्या काळची भिंगे सदोष होती. पेट्झवाल यांचे १८४० चे भिंग मध्यभागी रेखीव चित्र देई, कडांकडे मात्र ते पुसट होई. तरीही त्या काळची अनेक चित्रे आज आश्चर्यकारक रीतीने स्पष्ट दिसतात. याचे एक प्रमुख कारण काचेच्या आकारात आहे. पूर्ण काच सुमारे २१६ × १६५ मिलिमीटरची असे, आणि तिच्यावरून चित्र न वाढवता, कागद काचेला भिडवूनच छापले जाई. भिंगाचा दोष त्यामुळे वाढत नसे. पुढे १८६६ व १८९० मध्ये भिंगांत मोठ्या सुधारणा झाल्या. त्यांच्या बळावर १९२५ च्या लायकाला ३६ × २४ मिलिमीटरची चौकट पुरेशी झाली. मोबाइलमधील संवेदक तर पुष्कळदा केवळ ५.६ × ४.२ मिलिमीटरचा असतो.

उदाहरणादाखल ६ मीटर रुंदीची भिंत आणि तिच्यावरील ३ मिलिमीटर रुंदीचा टाकीचा घाव घेऊ. संपूर्ण भिंत चौकटीत बसवल्यास हा घाव जुन्या काचेवर १०८ मायक्रॉन, ३६ मिलिमीटरच्या संवेदकावर १८ मायक्रॉन आणि मोबाइलच्या संवेदकावर अवघा २.८ मायक्रॉन रुंद उमटतो. प्रकाशाच्या विवर्तनामुळे निर्दोष भिंगही बिंदूची लहानशी चकती करते. एफ/१.८ ला या चकतीचा व्यास सुमारे २.४ मायक्रॉन, तर एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन असतो. म्हणजे मोबाइलमध्ये चकती जवळजवळ घावाएवढीच होते. भिंगात किंचितही दोष असल्यास घाव मिटून जातो. मोठ्या संवेदकावर मात्र काही अवकाश उरतो. दोन्ही संवेदकांत १ कोटी २० लाख चित्रबिंदू असले, तरी हा भेद नाहीसा होत नाही. चित्रबिंदूंची संख्या ही केवळ मोजपट्टीवरील खुणांची संख्या होय. ज्याचे मोजमाप घ्यावयाचे ती प्रतिमा भिंगच घडवते.

लेण्यातील अंधार ही दुसरी अडचण. एफ-क्रमांक व प्रकाशनाचा काळ समान धरल्यास ३६ × २४ च्या संवेदकावर मोबाइलच्या सुमारे ३७ पट प्रकाश जमा होतो. प्रकाश अपुरा पडला की चित्रात कण दिसू लागतात. ते घालवण्यासाठी यंत्रातील गणिती संस्कार पृष्ठभाग गुळगुळीत करतो. टाकीचा घाव आणि दगडाचा खडबडीतपणा यांतील भेद त्या संस्काराला कळत नाही. शिरवळसारख्या अनलंकृत लेण्यात जो पुरावा म्हणून उरला आहे, तोच अशा रीतीने पुसला जाण्याचा संभव असतो.

लहान संवेदक सर्वथा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. भिंतीचे तुकडे पाडून, जवळून, तिपाईवरून व तिरप्या प्रकाशात चित्रे घेतल्यास त्याचे वैगुण्य बरेच भरून निघते. मात्र प्रत्येक चित्रासोबत अंतर, भिंग, संवेदकाचा आकार व मोजपट्टी यांची नोंद हवी. ती नसताना ‘चित्रात खूण नाही’ यावरून ‘भिंतीवर खूण नाही’ असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. छायाचित्र हाही एक साक्षीदारच. त्याची दृष्टी कितपत पोचते हे तपासूनच त्याची साक्ष ग्राह्य धरावी.