वेगवान मोटार आणि आपोआप पडणारा गिअर

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील हट्टा या गांवाचें नांव वेगवान मोटारींच्या इतिहासांत कोठें आढळावयाचें नाहीं. परंतु आजचा विषय मला सुचला तो त्याच गांवाजवळच्या रस्त्यावर. उसाचा हंगाम होता. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्याच्यामागें डुलत चाललेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागें दोनशें अश्वशक्तीहून अधिक बळाची एक झळझळीत मोटार. तींत मी पाहुणा म्हणून बसलेला. मोटारीला क्लचचें पेडल नव्हतें. गिअर आपोआप पडत. मोकळ्या रस्त्यावर ते इतक्या चपळाईनें पडत होते कीं, गिअर बदलला हें केवळ इंजिनाच्या आवाजावरून कळावें. परंतु ट्रॅक्टरमागें येतांच तिचा सारा नूर पालटला. ती धड चालेना, धड थांबेना. बुजऱ्या घोड्यासारखी हिसके देऊं लागली. मालक खजील होऊन म्हणाले, "हिला हळू चालणें ठाऊकच नाहीं."

मालकांनीं हें सहज म्हटलें, पण इतिहासाच्या दृष्टीनें तें अगदीं खरें होतें. आपोआप पडणाऱ्या गिअरचीं दोन मोठीं घराणीं आहेत. एक जहाजांवर जन्मलें, दुसरें शर्यतीच्या मैदानांत वाढलें. आणि दोहोंनीं आपापला मूळ स्वभाव अद्याप टाकलेला नाहीं.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष हर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता. श्टेटिन येथील जहाजांच्या कारखान्यांत त्याच्यापुढें एक पेंच होता. वाफेचें टर्बाइन फार वेगानें फिरे, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरणें इष्ट असे. दोहोंचा मेळ कसा घालावा? १९०५ सालीं त्यानें जें पेटंट घेतलें त्यांतील युक्ति अशी: एका बंद पेटींत दोन पाळ्यांचीं चक्रें समोरासमोर ठेवावीं व मध्यें द्रव भरावा. एक चक्र फिरलें कीं द्रव उसळून दुसऱ्यावर आदळतो व त्यास फिरवितो. विजेचा पंखा सुरू केला असतां समोरचा बंद पंखाही हळूहळू फिरूं लागतो, तसाच हा प्रकार. मध्यें तिसरें एक चक्र बसवून द्रवाचा ओघ वळविला म्हणजे फिरविण्याचा जोर वाढतो. यांत धातूवर धातू घासत नाहीं, म्हणून कितीही मंद चाल असली तरी हिसका बसत नाहीं.

हें तत्त्व मोटारींत सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं आलें तें १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीबरोबर. जनरल मोटर्सच्या या हायड्रामॅटिक गिअरपेटीला चार गिअर होते, आणि कोणता केव्हां पडावा हें तेलाचा दाब ठरवी. ती सिद्ध करणाऱ्या मंडळींचा प्रमुख अर्ल थॉम्सन. विशेष हें कीं, हातानें गिअर टाकतांना होणारा खडखडाट थांबविणारी सिंक्रोमेश ही योजनाही त्याचीच, १९२८ च्या कॅडिलॅकमधली. म्हणजे ज्यानें हाताचें काम सोपें केलें, त्यानेंच पुढें हाताला रजा दिली! महायुद्धांत हीच पेटी अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांत बसली. १९४८ च्या ब्यूइकमध्यें जोर वाढविणारी फ्योटिंगरची पूर्ण योजना आली.

तथापि वेगाचे भोक्ते या यंत्रास हंसत, आणि त्यांचें हंसणें अगदींच अस्थानीं नव्हतें. तेल घसरतें, घसरण्यांत शक्ति वायां जाते, तेल तापतें, पेट्रोल अधिक लागतें. पॅकार्डनें १९४९ सालीं चाल धरल्यानंतर दोन्ही चक्रें एकमेकांस जखडून टाकणारा क्लच बसविला. पण अशा युक्त्या सर्वत्र रुळावयास पुढें कित्येक दशकें गेलीं. मध्यंतरीं १९६६ सालीं टेक्साससारख्या दूरच्या मुलखांतून आलेल्या जिम हॉलच्या चॅपरल गाडीनें न्यूरबुर्गरिंगची हजार किलोमीटरांची शर्यत याच तेलाच्या जोडणीनिशीं जिंकली. त्याच वर्षींच्या त्याच्या दुसऱ्या एका गाडींत तर रिकामा झालेला डावा पाय मोटारीवरचा मोठा पंख कलता करण्याच्या कामीं लावला होता. आळशाची सोय म्हणून हिणविलेल्या यंत्राचा याहून सुंदर उपयोग मला ठाऊक नाहीं.

दुसऱ्या घराण्याचा जनक अडॉल्फ केग्रेस. हा फ्रेंच गृहस्थ रशियाच्या झारच्या पदरीं मोटारींची निगा राखी. बर्फावर चालण्यासाठीं त्यानें चाकांऐवजीं पट्ट्यांच्या गाड्या काढल्या. तशाच गाड्या १९३१ सालीं सिट्रोएनच्या मोहिमेबरोबर श्रीनगरहून गिलगिटकडे डोंगर चढून गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यानें दोन क्लचांची कल्पना मांडली: एक, तीन, पांच हे गिअर एका क्लचवर, दोन व चार दुसऱ्यावर. एक गिअर चालू असतांना पुढचा तयारच असतो. पहिला क्लच सुटतां सुटतां दुसरा धरतो आणि ओढ क्षणभरही तुटत नाहीं. युद्ध आलें, १९४३ सालीं केग्रेस वारला, आणि कल्पना कागदावर राहिली. १९८० नंतर पोर्शनें ती शर्यतींत उतरविली. २००३ सालीं फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मधून ती विक्रीच्या गाडींत आली. पुण्याजवळच्या चाकण येथें २०१३ पासून तयार होऊं लागलेल्या पोलो जी. टी. मध्यें बाराशें सी. सी. चें इंजिन, १०५ अश्वशक्ति आणि असे सात गिअर होते. भारतांत पोलोचें उत्पादन २०२२ सालीं थांबलें. पण मध्यमवर्गीय मराठी घरांत हें यंत्र प्रथम शिरलें तें बव्हंशीं तिच्याच वाटेनें.

आतां हट्ट्याचा ट्रॅक्टर पुन्हा पाहूं. दोन क्लचांच्या यंत्रांत निघतांना चकत्या एकमेकींवर घासतात, तेल मध्यें पडून सांभाळून घेत नाहीं. घासून त्या तापतात. चाकणच्या त्या गाडीप्रमाणें चकत्या कोरड्या असल्या तर अधिकच. यंत्रास पुढची ट्रॉली दिसत नाहीं. चालकानें किंचित् पाय दाबला कीं तें निघण्याची तयारी करतें, काढला कीं माघार घेतें. हिसका येतो तो या धरसोडींतून.

या दोन घराण्यांची झुंज बी. एम. डब्ल्यू. च्या एम-५ या एकाच नांवाच्या गाडींत पाहावयास मिळते. २००५ च्या गाडींत एकच क्लच होता व तो यंत्र चालवी. शहरांत तो धक्के देई. (याच जातीचा स्वस्त नमुना भारतांत २०१४ च्या सेलेरिओंत आला.) २०११ सालीं दोन क्लच आले. आणि २०१७ च्या गाडींत पुन्हा तेलाची जोडणी, आठ गिअरांची! चाल धरतांच तेलाचीं चक्रें जखडलीं जातात, त्यामुळें जुनी गळती उरली नाहीं. मंद चालीचा गोडवा मात्र राहिला.

हाताचा पक्षही निकालांत निघालेला नाहीं. पोर्शनें २०१३ सालीं आपली जी. टी. ३ गाडी केवळ दोन क्लचांची काढली. यंत्र हातापेक्षां जलद होतें, तरी गिऱ्हाइकें कुरकुरलीं. २०१६ सालीं हातानें गिअर टाकावयाच्या ९९१ गाड्या वेगळ्या नांवानें निघाल्या, आणि २०१७ पासून जी. टी. ३ लाही हाताचा गिअर पुन्हा मिळूं लागला. जलद असणें आणि आपण जलद केलें असें वाटणें, यांतलें अंतर कोणतीही गिअरपेटी भरून काढीत नाहीं, असें माझें मत आहे.

अशी मोटार ज्यांच्या पदरीं आहे त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चढावर उभें राहतांना प्रवेगकावर गाडी तोलून धरूं नये, ब्रेक घट्ट दाबावा. ओव्हरटेक करण्यापूर्वीं सुकाणूमागच्या पात्यानें गिअर आपणच खालीं घ्यावा. यंत्राच्या मनांत येईपर्यंत समोरून एस. टी. येते. तेल जन्मभर पुरतें या बोलण्यावर विसंबूं नये. गिअरपेट्या करणारी झेड. एफ. कंपनी स्वतः सुमारें ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांवर तें बदलावयास सांगते. आणि रांगेंत सरपटत जाऊं नये. थांबावें, पुढें अंतर पडूं द्यावें, मग एकदम निघावें.

परततांना आमच्या मालकांनीं हा शेवटचा उपाय करून पाहिला. ट्रॉलीमागें चांगलें चार गाड्यांचें अंतर सोडलें. मोटार शांत उभी राहिली. तेवढ्यांत मागून दोन मोटारसायकली व हळदीचीं पोतीं भरलेला एक टेंपो येऊन त्या मोकळ्या जागेंत शिरले, आणि टेंपोवाल्यानें खिडकींतून हात काढून आमचे आभारही मानले.