साताऱ्याचा दसरा, तंजावरचा पाऊस

इतिहासाच्या पुस्तकांत राजांची नावे सापडतात, लढायांच्या सनावळ्या सापडतात, तहांची कलमेही सापडतात. त्या दिवशी ऊन होते की पाऊस, हे मात्र क्वचितच सापडते. उमरखेडला मुलांना इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय मीच शिकवतो, त्यामुळे ही उणीव मला जरा अधिकच टोचते. म्हणून वाचकहो, यंदाच्या दिवाळीला भोसल्यांच्या दोन गाद्या आपल्यापुढे ठेवतो. एक साताऱ्याची, दुसरी तंजावरची. कूळ एक, भाषा एक, पंचांग एक. आभाळ मात्र दोन.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला आपले राज्य स्थापन केले. पुढे १७०८ मध्ये शाहूमहाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. सातारा सह्याद्रीच्या कुशीत, सुमारे सातशे मीटर उंचीवर. तंजावर कावेरीच्या सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नाही. गंमत अशी की, वर्षाच्या पावसाची बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखी भरते : हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने सुमारे चाळीस इंच. नुसत्या बेरजेवर विसंबणारा विद्यार्थी म्हणेल, हवामान सारखेच की! पण साताऱ्याचा बहुतेक पाऊस मृग ते हस्त या नक्षत्रांत पडून जातो, आणि तंजावरचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो.

याचे कारण वाऱ्यात आहे. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा पश्चिम घाटावर आपली घागर रिती करतो. घाटाच्या पाठीकडे असलेल्या तंजावरच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. आश्विनात वारा उलटतो, बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलून आणतो आणि मग तिकडे खरा पावसाळा सुरू होतो. कधीकधी तो वादळ होऊनच येतो. २०१८ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘गज’ वादळाने तंजावर जिल्ह्यातील नारळाच्या बागाच्या बागा आडव्या केल्या.

तरीही तिथला शेतकरी आश्विनाची वाट पाहत बसत नाही. कोडगूच्या डोंगरांत पडलेला पाऊस घेऊन कावेरी आषाढ-श्रावणातच फुगून येते. वर स्वच्छ ऊन आणि खाली दुथडी पाणी! तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका त्या नव्या पाण्याची पूजा करतात. आमच्या पैनगंगेचा पूर आणि आमचा पाऊस बहुधा हातात हात घालूनच येतात. दुसऱ्याच्या पावसावर आपले भात पिकवण्याची ही रीत आम्हांला नवलाची वाटते.

आता दसऱ्याकडे वळू. सीमोल्लंघन ही चाल मुळात आपल्या देशावरच्या हवेतून उगवलेली आहे. हस्त सरले, नद्यांना उतार झाला, वाटा वाळल्या, घोड्यांना गवत मुबलक झाले, शेतातली माणसे मोकळी होऊ लागली, की फौज बाहेर पडायची. साताऱ्यात दसरा वाट उघडतो. तंजावरात त्याच सुमारास वाटेवर चिखल होऊ लागतो. तेव्हा तंजावरच्या मराठी राजाने पंचांग पाहून सीमोल्लंघन करायचे म्हटले, तरी पुढे मजल मारायला आभाळाची परवानगी कुठून आणायची?

ही केवळ कल्पनेची गंमत नव्हे. चंदासाहेबाने त्रिचनापल्ली बळकावून तंजावरच्या प्रतापसिंहराजांना सतावले, तेव्हा त्यांनी साताऱ्याकडे मदत मागितली. शाहूमहाराजांनी नागपूरचे रघूजी भोसले व फत्तेसिंह भोसले यांना मोठी फौज देऊन पाठवले. २० मे १७४० रोजी दामलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली ठार झाला. त्यानंतर मराठे मागे हटले, आणि डिसेंबरात अकस्मात परतून त्यांनी त्रिचनापल्लीला वेढा घातला. १७४१ च्या मार्चमध्ये किल्ला पडला. मागे हटणे हा चंदासाहेबाला गाफील ठेवण्याचा डाव होता, असे इतिहासकार सांगतात, आणि ते मला मान्य आहे. पण नकाशावर पावसाच्या रेषा ओढून पाहिल्या, की वाटते, रघूजीराजांना आभाळही वाचता येत असावे. डिसेंबर ते मार्च हाच तिकडे फौजेला सोयीचा काळ. दक्षिणेतले ‘दसऱ्यानंतरचे दिवस’ म्हणावेत ते हेच.

चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला आणि सात-आठ वर्षे अडकून पडला. पौषातल्या पहाटे साताऱ्याचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. त्रिचनापल्ली-तंजावरकडे तो विसाच्या खाली सहसा जात नाही. बिचाऱ्याला तुरुंगाच्या भिंतींइतकीच साताऱ्याची थंडीही जाचली असेल!

सणांचेही असेच. आमच्या वऱ्हाडात पोळा येतो श्रावणी अमावास्येला, पेरण्या-डवरणी उरकून बैल जरा मोकळे होतात तेव्हा. तंजावरकडे बैलांची शिंगे रंगतात ती पोंगलाच्या दुसऱ्या दिवशी, जानेवारीत, भात घरात आल्यावर. बैलाला दोन्हीकडे मान आहे; मुहूर्त मात्र पावसाने ठरवला.

आणि दिवाळी? नरकचतुर्दशीचे पहाटेचे तैलस्नान तमिळ घरांतही आहे आणि तंजावरच्या मराठी घरांतही. इकडे उटणे लावताना अंगावर शहारा येतो तो नव्या थंडीचा. तिकडे अनेकदा बाहेर पाऊस पडत असतो. अंगणात पणत्यांची आरास करावी, तर एक सर सगळे विझवून जाते. तमिळ मंडळींनी दिव्यांच्या ओळी पुढच्या कार्तिकै दीपमसाठी राखून ठेवल्या आहेत, हे मला मोठे शहाणपणाचे वाटते.

साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. तंजावरचा अखेरचा राजा शिवाजी १८५५ मध्ये वारला आणि तीही गादी संपली. कावेरीकाठी राहिलेली मराठी कुटुंबे मात्र आजही आपली मराठी बोलतात. आपले पंचांग त्यांनी सोडले नाही आणि तिथले भातही सोडले नाही. दिवाळीच्या पहाटे ती अभ्यंगस्नान उरकतात, आणि पाऊस असला तर पणत्या ओसरीवर घेतात.