मुघल रोड: आपला की तुमचा?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काश्मीरला जायचं घाटतंय. श्रीनगरला पोचायचं विमानाने. पण परत येताना जम्मूच्या नेहमीच्या हायवेने यायचं नाही, शोपियानवरून मुघल रोडने पीर पंजाल ओलांडून राजौरीकडे उतरायचं, असा माझा हट्ट आहे. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, वळणांच्या नावानेच लिंबू हुंगायला लागतात. नवरा म्हणतो, रस्ता उघडा असेल का ते आधी बघ. धाकटीला फक्त बर्फ हवा आहे.

आठवीच्या वर्गात एकदा सहज हा बेत बोलून गेले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा खुलून म्हणाला, "मॅडम, म्हणजे आपल्या बादशहांचा रस्ता ना?" मागून कुणीतरी पुटपुटलं, "तुमच्या." तास संपत आला होता. मी फळा पुसला आणि बाहेर पडले. हा लेख त्या दोघांसाठी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, पण मधल्या काळात वाचन झालं.

आधी रस्ता समजून घेऊ. आजचा मुघल रोड म्हणजे शोपियान ते बफलियाज, ८४ किलोमीटर. मध्ये पीर की गली ही खिंड, उंची सुमारे ११,५०० फूट. हिवाळ्यात बर्फाने हा रस्ता काही महिने बंद असतो. जुना शाही रस्ता याहून कितीतरी लांबचा. तो लाहोरहून निघून गुजरात (पंजाबातलं), भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी, ठाणामंडी, बहरामगला असा चढत खिंडीला भिडायचा. पलीकडे अलियाबाद सराय, हीरपूर, शोपियान आणि मग श्रीनगर. आज लाहोर, गुजरात, भिंबर नियंत्रण रेषेच्या आणि सरहद्दीच्या पलीकडे आहेत आणि नौशेऱ्यापासून पुढचं सगळं अलीकडे. म्हणजे तो रस्ता पूर्ण चालणं आता कुठल्याच बादशहाला जमलं नसतं.

अकबराने १५८६ मध्ये काश्मीर घेतलं आणि १५८९ मध्ये तो स्वतः तिकडे निघाला. पण बादशहाच्या आधी पुढे गेला कासिम खान. आग्र्याचा किल्ला ज्याच्या देखरेखीखाली उभा राहिला तोच हा. त्याच्याबरोबर हजारो पाथरवट, खडक फोडणारे आणि बेलदार होते. अबुल फज्ल त्यांची संख्या नोंदवतो, नावं नाही. बेलदार हा शब्द आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात तो जातीचं नाव म्हणूनही आहे. दगडमातीचं काम करणाऱ्यांची ही जात. मला हा शब्द अकबराच्या फौजेमागे सापडला तेव्हा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं.

जहांगीरला काश्मीरचं वेड होतं. १६२० मध्ये त्याला वसंतातली फुलं पाहायची होती आणि तेव्हा पीर पंजाल बर्फाखाली होता. मग त्याने हट्ट सोडला, लांबचा पखली-बारामुल्लाचा रस्ता धरला आणि परतताना ऑक्टोबरात पीर पंजालवरून उतरला. घरात हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "बघ, बादशहासुद्धा रस्ता उघडा आहे का ते आधी बघायचा."

आता बर्नियर. हा फ्रेंच डॉक्टर दानिशमंद खानाच्या पदरी होता आणि १६६५ मध्ये औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेला. त्याने वाटेतून लिहिलेल्या पत्रांइतकी उत्तम प्रवासाची पूर्वतयारी मी दुसरीकडे वाचली नाही. भिंबरच्या भयंकर उन्हात सगळी छावणी थांबली. चिमुकल्या खोऱ्यात एवढ्या लोकांना धान्य पुरणार नाही म्हणून बादशहाने बरोबर मोजकेच लोक घेतले आणि बाकीचे मागे ठेवले. जनानखान्यातल्याही निवडकच. ज्यांना जायचं त्यांनीही एकदम नाही, ठरलेल्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी निघायचं. कारण डोंगरातली वाट अरुंद आणि मुक्कामाची जागा त्याहून अपुरी.

आणि ओझं? उंट त्या चढावर निरुपयोगी, म्हणून माणसं. सगळे मिळून ३०,००० हमाल लागतील असा अंदाज बर्नियरने ऐकला. आसपासच्या राजांनी पाठवलेले काही, चार पैसे मिळतील म्हणून आपणहून आलेले काही. शंभर पौंड वजनामागे किती मजुरी द्यायची ते सरकारी हुकमाने ठरलेलं होतं. "काश्मीरवर प्रेम करणारे मुघल" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या प्रेमाचं वजन कुणाच्या पाठीवर होतं, ते बर्नियरच्या आकड्यात दिसतं.

मग तो प्रसंग. चढावर हत्तींची रांग चालली होती. वर अंबाऱ्यांत स्त्रिया. सगळ्यात पुढचा हत्ती समोरचा उभा चढ बघून बिचकला आणि एक पाऊल मागे सरला. मागच्यावर धक्का बसला, त्याचा त्याच्या मागच्यावर. वळायला जागा नव्हती. १५ हत्ती कड्यावरून खाली गेले. जागा फार उंच नव्हती म्हणून तीन-चार बायकाच मेल्या, असं बर्नियर लिहितो. हत्ती एकही वाचवता आला नाही. दोन दिवसांनी तो तिथून गेला तेव्हा काही हत्तींच्या सोंडा अजून हलत होत्या.

त्या तीन-चार बायकांची नावं मी शोधली. मिळाली नाहीत. कुणाच्या बांद्या होत्या, कुठून आणलेल्या होत्या, काही कळत नाही. काश्मीर बघायची त्यांची इच्छा होती का, हे विचारायची तर तेव्हा पद्धतच नव्हती.

खिंडीच्या माथ्यावर बर्नियरला एक म्हातारा फकीर भेटला. जहांगीरच्या काळापासून तो तिथेच राहत होता. इथे गोंगाट करू नका, वादळ उठतं, असं तो सगळ्यांना खुणेने सांगायचा. जहांगीरने हे हसण्यावारी नेलं, नगारे-कर्णे वाजवले आणि जीव जाता जाता वाचला, ही हकीकतही बर्नियर देतो. आज पीर की गलीला शेख अहमद करीम यांचा दर्गा आहे. गाड्या थांबतात, ड्रायव्हर लोक दुआ मागून पुढे निघतात. वादळ आणि आवाजाचा संबंध विज्ञानाचे सर सांगतील. पण घाटमाथ्यावर गाडीतली गाणी बंद करणारे लोक मी आंबा घाटातही पाहिलेत.

आंबा घाटावरून आठवलं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर कोल्हापूरचं, त्यामुळे तो घाट माझ्या हाताखालचा. काश्मीरला औरंगजेब पुन्हा कधी गेला नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं तो आपल्या दख्खनमध्येच अडकला. १७०१ च्या अखेरीस तो विशाळगडावर आला, तेव्हा वाटेत हाच आंबा घाट होता. फतेहुल्ला खानाने पाथरवट आणि बेलदार लावून घाट फौजेच्या चालीसाठी नीट केला. पुन्हा तेच बेलदार! गड जूनमध्ये ताब्यात आला आणि फौज परत फिरली ती नेमकी भर पावसात. नद्या फुगलेल्या, जनावरं चिखलात रुतलेली, माणसं वाहून गेलेली. थोड्याशा अंतराला महिन्याहून जास्त लागला. चाळीस वर्षांपूर्वी पीर पंजालवर हत्ती गमावलेला हा माणूस. साखरप्याला उतरताना दर पावसाळ्यात मला वाटतं, भिंबरला तुकड्या मोजून पाठवणारा तो शहाणा प्रवासी इथे कुठे हरवला? सत्ता आणि वय दोन्ही वाढली की माणूस ऋतू बघायचं सोडून देतो, एवढंच मला सुचतं.

तर मुलांनो, "आपला" की "तुमचा"? आपल्या घरांकडे बघा. कुणाचे आजोबा अत्तार, कुणाचे बागवान, कुणाचे शिकलगार, कुणाचे कोष्टी, कुणाचे पाथरवट. आपल्यापैकी कुणाचे पूर्वज त्या रस्त्यावर असतेच, तर अंबारीत नसते. पाठीवर शंभर पौंड घेऊन असते. पुढच्या बाकावरच्याचेही आणि मागच्या बाकावरच्याचेही. बादशहाचा अभिमान बाळगायचं मला कारण दिसत नाही आणि त्याची लाज बाळगायचंही. रस्ता मात्र फार सुंदर आहे म्हणतात.

आता आमची तयारी. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून नवऱ्याचा नंबर पोस्टपेड केला. रस्ता उघडा आहे का, ते आदल्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांकडे विचारायचं. शोपियानला टाकी भरायची, सकाळी लवकर निघायचं, अंधार पडायच्या आत राजौरी गाठायचं. सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या कप्प्यात. मे महिना म्हणजे गुज्जर-बकरवालांचे कळप वर चढायचे दिवस, तेव्हा समोर शेकडो मेंढ्या आल्या तर हॉर्न न वाजवता थांबायचं. चालवणार मी, कारण घाटात अम्मींना माझ्या हातचीच गाडी सोसते. शिवाय अलियाबादच्या सरायीपाशी आणि नूरी छंबच्या धबधब्याशी दुसरं कुणी थांबवणार नाही.

दुसऱ्या दिवशी चिंगस. १६२७ च्या ऑक्टोबरात काश्मीरहून परतताना जहांगीर याच वाटेवर वारला. देह लाहोरला पोचेपर्यंत टिकावा म्हणून आतडी काढून चिंगसच्या सरायीत पुरली, असं तिथले लोक सांगतात. नूरजहाँने मृत्यू लपवून त्याला हत्तीवर जिवंतासारखा बसवून नेलं, असंही सांगतात. कबर तिथे दाखवतात. अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग तिथे फातेहा पढू. आणि त्या हत्तीवरच्या पोरींसाठी वर खिंडीतच पढू, तिथे थांबव गाडी."

त्यांची लिंबाची पिशवी तेवढी वाढली आहे. सामान मी पुन्हा मोजलं: पाच माणसं, तीन बॅगा, एक खाऊचा डबा. बॅगा दोनच न्यायच्या, यावर वाद अजून चालू आहे.