शाळेची भाषा कुणाची?

गोष्ट २०२३ सालची. आमच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. घराघरांतले जुने कागद पेटीबाहेर आले. मंठ्यात आमच्या शेजारचा एक तरुण असाच एक पिवळा कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, एवढं वाचून द्या. तुम्हाला उर्दू येतच असंल."

मला उर्दू वाचता येत नाही. मी मराठी शाळेत शिकलो, बीए झालो, कविता लिहितो तीही मराठीत. शेवटी तो कागद वाचला नव्वदीतल्या एका वकीलसाहेबांनी. ते जुन्या देशमुख घराण्यातले, निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांनी चष्मा लावला आणि कुठंही न अडखळता वाचत गेले. कागद कुणबी नोंदीचा नव्हता, कर्जाचा होता. खाली दोन अंगठे होते. एक त्या तरुणाच्या पणजोबाचा, दुसरा साक्षीदाराचा. साक्षीदाराचं नाव मुसलमानी होतं.

त्या दिवसापासून हे दोन अंगठे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

निजामाच्या राज्यात उर्दू होती म्हणजे मुसलमान शिकले आणि हिंदू मागे राहिले, असं आपण सरसकट बोलतो. त्यात तथ्य नाही असं नाही. दरबार, कचेरी, पोलीस, सगळं उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. उर्दूतून उच्च शिक्षण देणारं ते पहिलं आधुनिक विद्यापीठ, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ती भाषा मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. म्हणून तर औरंगाबादला सरस्वती भुवन, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा अशा संस्था लोकांनी कष्टानं उभ्या केल्या. मात्र ज्यांच्या घरी जमीन होती, वतन होतं, त्या हिंदू घरांतली मुलंही उर्दू शिकली, वकील झाली, अंमलदार झाली. आणि मंठ्याच्या बाजारातला मुसलमान हमाल अंगठाच उठवत राहिला.

माझे अब्बा दोन वर्षं उर्दू शाळेत गेले होते. आमच्या घरची बोली दखनी. अब्बा 'कायकू' म्हणाले की मौलवीसाहेब छडी उगारायचे, "क्यों बोलो!" 'नक्को' म्हणाले की वर्ग हसायचा. पुस्तकातली उर्दू त्यांची नव्हतीच. पुढं दादांच्या पाठीला ओझं पेलेना, तेव्हा अब्बा शाळा सोडून हमालीला लागले.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. आमच्यासारख्यांना ईबीसीची फी सवलत मिळाली. मी शिकलो तो या सगळ्यांच्या पुण्याईवर, हे विसरलो तर कृतघ्न ठरेन. पण मराठी शाळेतही पहिल्या दिवशी "मी पाणी पिलो" म्हणालो, तर वर्ग हसला होता. माझ्यापेक्षा जास्त लाजला तो शेजारी बसलेला, शेतमजुराचा मुलगा. कारण त्याच्याही घरी 'पिलो'च म्हणत. तो मराठीच होता, तरी पुस्तकातली मराठी त्याची नव्हती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटलं. ज्या घरची बोली शाळेला शुद्ध वाटते, त्या घरचं मूल शाळेत येतानाच पुढं असतं. शाळा त्यालाच हुशारी समजते. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढं पैशाचा हिशेब मांडला होता. तिजोरी भरते रयतेच्या घामानं आणि शिक्षण मिळतं वरच्या वर्गाला. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. तसा कायदा देशभर लागू व्हायला २०१० साल उजाडलं.

कायदा आला, पण दिवाळीनंतर आमच्या भागातली ऊसतोड कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, तेव्हा कितीतरी पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, भुकेचं वर्ष दिवाळीला.

आणि आता इंग्रजी. मध्यंतरी तोच शेजारचा तरुण पुन्हा आला. मुलीला इंग्रजी शाळेत घातलंय, सांगताना चेहरा फुलला होता. हातात प्रवेशाचा फॉर्म होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीतून फीच्या अटी, आणि खाली त्याची सही. सही आधीच करून झाली होती. म्हणाला, "चाचा, एवढं वाचून द्या."

पणजोबाचा अंगठा होता, पणतवाची सही आहे. एवढी प्रगती खरी. पण न वाचता येणाऱ्या कागदावरच दोघांनीही होकार दिला.

मी त्याला अटी मराठीत समजावून सांगितल्या. इंग्रजी शिकू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. गरिबाच्या लेकरानं ती शिकलीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की शाळा उर्दू असो, मराठी असो की इंग्रजी, तिनं मुलाच्या घरच्या बोलीला आधी आत घ्यावं. 'कायकू' आणि 'पिलो' म्हणणाऱ्या पोरावर ज्या दिवशी वर्ग हसणार नाही, त्या दिवशी शाळा सगळ्यांची झाली असं मी समजेन.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)