तूप, मार्जरिन आणि दर काही वर्षांनी बदलणारे सल्ले



पाडव्याच्या जेवणात आमच्या टेबलावर पुरणपोळीवरच्या तुपावरून चांगलीच जुंपली होती. आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी वाटी पुढे करत सांगितले, "चाळीस वर्षांपूर्वी म्हणाले तूप वाईट, अंडे वाईट. आता म्हणतात खा. ह्यांचे ह्यांनाच माहीत नाही. मी तर कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा बंद केली." तुपावर हसणारे सगळे त्या शेवटच्या वाक्याला गप्प झाले. पंगतीत बसून जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. अन्नरसायन शिकले, नोकरीही त्याच क्षेत्रात झाली आणि घरात एक हृदयरोगी सांभाळला, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात कुठे झाली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धडधाकट दिसणारे मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने जात होते. २४ सप्टेंबर १९५५ ला खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला आणि हा विषय घरोघरी पोचला. मिनेसोटा विद्यापीठातले अ‍ॅन्सल कीज तेव्हा सांगत होते की आहारातल्या चरबीमुळे, विशेषतः संतृप्त चरबीमुळे, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते आणि त्यातून हा रोग होतो. संतृप्त चरबी म्हणजे आपण डब्यावरच्या लेबलवर सॅच्युरेटेड फॅट म्हणून वाचतो ती. तूप, लोणी, साय, मटणाची चरबी आणि खोबरेल तेल यांत ती भरपूर असते. १९५८ पासून कीज यांनी अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या सात देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांचा पाठपुरावा केला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६१ मध्येच संतृप्त चरबी कमी करून तिच्या जागी वनस्पती तेले घेण्याचा सल्ला दिला.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो फार फिरतो. "कीजने बावीस देशांतले सोयीचे सात उचलले" असे सांगतात. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. सहा देशांचा आलेख १९५३ चा. २२ देशांचे आकडे उपलब्ध असताना सहाच का, अशी टीका त्यावर १९५७ मध्येच छापून आली होती. सात देशांचा अभ्यास त्यानंतरचा. त्यातले देशही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, हे मात्र खरे.

१९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने देशासाठी आहाराची उद्दिष्टे मांडली: एकूण चरबी उष्मांकांच्या ३० टक्क्यांवर आणा आणि पिष्टमय पदार्थ वाढवा. १९८४ च्या मार्चमध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनचे वाकडे तोंड असलेली बशी झळकली. १९९२ चा अन्नपिरॅमिड पुष्कळांना आठवत असेल. तळाशी ब्रेड, भात, पास्ता, रोज ६ ते ११ वाढण्या. टोकाला तेल-तूप, जपून वापरा.

म्हणजे १९६१ चा सल्ला "ही चरबी सोडा, ती घ्या" असा होता आणि नव्वदीत येईपर्यंत तो "चरबीच सोडा" असा झाला. माझ्या मते सगळा घोटाळा इथे आहे. एखादा पदार्थ ताटातून काढला की पोट रिकामे राहत नाही, त्या जागी दुसरे काहीतरी येतेच. काय येते, हे कोणी विचारले नाही. बाजाराने मात्र उत्तर तयार ठेवले होते: फॅट-फ्री कुकीज, फॅट-फ्री दही, फॅट-फ्री ड्रेसिंग. चरबी काढल्यावर चव जाते म्हणून त्यांत साखर किंवा स्टार्च. आपल्या घरांत काय झाले? पोळीवरचे तूप गेले आणि दोन पोळ्यांच्या तीन झाल्या, वर भाताची एक मूद जास्त.

मार्जरिनची गोष्ट

आमच्या ह्यांना १९८९ मध्ये अँजिओप्लास्टी करावी लागली. इस्पितळातून घरी येताना आहाराचा एक छापील कागद मिळाला, त्यात लोण्याऐवजी मार्जरिन वापरा असे स्वच्छ लिहिले होते. सासूबाईंनी भारतातून येताना आणलेला तुपाचा डबा मी शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि पुढची काही वर्षे आमच्या घरात कांडीचे घट्ट मार्जरिन आले. पराठा त्यात, शिरासुद्धा त्यात. सासूबाई त्याला "मेणबत्ती" म्हणत. तेव्हा त्यांचा राग यायचा.

द्रव वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करतात तेव्हा, ही प्रक्रिया अर्धवट ठेवली तर, ट्रान्स फॅट तयार होते. आपल्याकडे १९३७ मध्ये बाजारात आलेला डालडाही ह्याच जातीचा. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कटान या डच संशोधकांनी दाखवले की ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढते आणि चांगले, म्हणजे एचडीएल, उलट कमी होते. संतृप्त चरबीहूनही हे वाईट. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ८५,००० हून अधिक परिचारिकांच्या पाहणीतही तेच दिसले. तरी पाकिटावर ट्रान्स फॅटचा आकडा छापणे सक्तीचे व्हायला १ जानेवारी २००६ उजाडले. त्यातही एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहायची मुभा होती. अर्धवट हायड्रोजनेट केलेली तेले सुरक्षित मानता येत नाहीत असे एफडीएने २०१५ मध्ये ठरवले आणि २०१८ पासून ती अन्नात घालणे बंद झाले. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे.

तेव्हा सल्ल्यावर ज्यांचा विश्वास उडाला त्यांना मी नावे ठेवणार नाही. आमच्या घरी मार्जरिन आले ते कोणा भोंदूच्या सांगण्यावरून नव्हे.

संशयाला आणखी खतपाणी

२००२ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात गॅरी टॉब्ज यांचा लेख आला. कमी चरबीचा सल्लाच थाप नाही ना, असा त्याचा सूर होता. २००६ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४८,८३५ स्त्रिया, सुमारे आठ वर्षे, एका गटाला कमी चरबीचा आहार. हृदयविकारात लक्षणीय फरक नाही! २०१४ मध्ये एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात संतृप्त चरबी आणि हृदयविकार यांचा स्पष्ट संबंध दिसला नाही आणि 'टाइम'ने मुखपृष्ठावर लोण्याची वळी छापून "लोणी खा" म्हटले. सरकारी मार्गदर्शिकेने अन्नातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५-२० च्या आवृत्तीत काढून टाकली. अंडी निर्दोष सुटली म्हणायची. भरीला २०१६ मध्ये उघड झाले की १९६७ साली साखरेचा दोष झाकून चरबीवर बोट ठेवणाऱ्या एका शास्त्रीय लेखामागे साखर उद्योगाचे पैसे होते.

मात्र २००६ च्या चाचणीत स्त्रियांनी सगळीच चरबी कमी केली होती, चांगली आणि वाईट दोन्ही. २०१४ च्या विश्लेषणातही संतृप्त चरबीऐवजी लोक काय खात होते हे वेगळे काढलेले नव्हते. ते वेगळे काढले की चित्र बदलते. हार्वर्डच्या गटाने २०१५ मध्ये परिचारिका आणि आरोग्यसेवेतल्या पुरुषांच्या दीर्घ पाहण्यांवरून हिशोब मांडला. संतृप्त चरबीतून येणारे ५ टक्के उष्मांक काढून तितकेच बहुअसंतृप्त तेलांतून घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी कमी. अख्ख्या धान्यांतून घेणाऱ्यांत ९ टक्क्यांनी कमी. मैदा-साखरेतून घेणाऱ्यांत काहीच फरक नाही. या पाहण्या आहेत, चाचण्या नव्हेत, हे लक्षात ठेवावे. पण २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने १५ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांतही दोन वर्षे किंवा जास्त काळ संतृप्त चरबी कमी करणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार १७ टक्क्यांनी कमी दिसले. मृत्यूंच्या संख्येत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही.

आणि गोळीचे काय? तिचा पुरावा अंड्या-लोण्याच्या वादावर उभाच नाही. ज्यांच्यात जन्मतःच एलडीएल फार जास्त असते त्यांना तरुणपणीच झटके येतात. शरीर एलडीएल कसे उचलते हे शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. आहाराच्या सल्ल्यावर चिडून गोळी सोडणे म्हणजे हवामान खात्यावर रागावून छप्पर काढून टाकण्यासारखे आहे.

आपल्या लोकांचे काय

तूपवाल्यांचा लाडका पुरावा मुंबईचाच आहे. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांत दूध-तूप खाणाऱ्या उत्तर भारतीयांपेक्षा दक्षिणेकडच्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे सातपट होते. अभ्यास खरा आहे. पण दोन प्रांतांतल्या माणसांत फक्त तुपाचाच फरक असतो का?

आपल्याला काळजीची गोष्ट वेगळीच आहे. इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र ५९ च्या आसपास. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नावानिशी नोंदलेला आहे. पोटावर चरबी, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, जोडीला मधुमेह हे आपले नेहमीचे चित्र. त्यात तूप काढून भात वाढवला तर ट्रायग्लिसराइड आणखी चढते. तेव्हा "भात खा, तूप नको" हा नव्वदीतला सल्ला आपल्याला तर अजिबातच मानवणारा नव्हता.

किती म्हणजे किती

७ जानेवारी २०२६ ला आलेल्या नव्या सरकारी मार्गदर्शिकेने सायीसकट दूध-दही पुढे आणले, स्वयंपाकासाठी ऑलिव्ह तेलाबरोबर लोण्याचेही नाव घेतले, पण संतृप्त चरबीची मर्यादा उष्मांकांच्या १० टक्केच ठेवली. बातम्यांत पहिला भागच जास्त गाजला. २,००० उष्मांकांच्या आहारात १० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. वरणभातावर चहाचा एक चमचा तूप म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, घेतला तर सुमारे ८. सायीच्या दुधाचा एक कप म्हणजे साडेचार. खोबरेल तेलाचा एक टेबलस्पून म्हणजे ११-१२, हे कोकण-गोव्याकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावे. वरणभातावरच्या चमच्याने काही बिघडत नाही. पाडव्याला मात्र पोळी तुपात बुडते, नंतर श्रीखंड येते आणि २२ चा आकडा पहिल्या वाढपातच मागे पडतो. सण वर्षाला किती, आणि आपण शनिवार-रविवारचे सण किती करून ठेवलेत, तेवढे मोजा. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, मोहरी, कॅनोला, सूर्यफूल यांपैकी आवडेल ते तेल चालेल.

तपासणीला जाल तेव्हा उपाशीपोटी लिपिड प्रोफाइलबरोबर एचबीए१सी आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए मागून घ्या. हे शेवटचे आनुवंशिक असते, आहाराने फारसे हलत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत बहुधा नसते.

आमच्या घरी २००६ पासून पुन्हा तूप कढते. हे रोज एक चमचा घेतात, गोळीही घेतात. पाडव्यानंतर त्या सभासदांना मी फोन केला आणि वाद न घालता एवढेच विचारले, शेवटची रक्ततपासणी कधी केली? थोडा वेळ पलीकडून काहीच आले नाही. मग म्हणाले, "कोविडच्या आधी." पुढच्या महिन्यातली तारीख त्यांनी घेतली आहे.