वसतिगृहातले पाणी

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळा, पुस्तके आणि थोर शिक्षक यांची नोंद ठेवतो. मुले कुठले पाणी पीत होती, ते कोण भरीत होते आणि कोणाच्या हातचे चालत होते, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वास्तविक महाराष्ट्रातील शिक्षणाची निम्मी कथा पाण्याच्या घागरीपाशीच घडली आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. या मुलाला तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडावा, मग याने प्यावे. शिपाई जागेवर नसला तर तहान मुकाट्याने सोसावी.

शास्त्र तोवर पुष्कळ पुढे गेले होते. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात पटकीचे जंतू शोधून काढले होते. पाणी गाळावे, उकळावे, विहिरीत लाल औषध टाकावे, हे शहाण्या लोकांना ठाऊक झाले होते. पण घराघरांतून 'शुद्ध पाणी' याचा अर्थ निराळाच होता. घागरीत काय आहे हे कोणी पाहत नसे. ती कोणी उचलली, याचीच चौकशी होई.

याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी हजर राहिला. तो परतल्यावर, स्नान करून कपडे बदलल्याशिवाय आत यावयाचे नाही, असे त्याला बजावण्यात आले. त्याने साफ नकार दिला. बादलीभर पाणी अंगावर घेतले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण ते पाणी अंगावर घेणे म्हणजे माणसाचा स्पर्श हा मळ आहे, हे कबूल करणे. त्याला वसतिगृह सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजेच पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील.

भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. ज्या गावात एका मुलाला नळाला शिवता येत नव्हते, त्याच गावात आता सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. दळण, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, सारे मुलेच करीत आणि एका पंक्तीला जेवीत. पैशाची तर नेहमीच ओढ. एकदा मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे तेथल्या मंडळींनी १०८ घागरी पाणी उपसले आणि पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' करून घेतले! साताऱ्याची मुले एका घागरीतले पाणी पीत होती, तेव्हाचीच ही गोष्ट. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. १९५० पासून अमलात असलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, त्यामागे केवढी तहान आहे हे यावरून ध्यानी यावे.

यंदा दिवाळीची सुट्टी संपवून आपली मुले पुन्हा वसतिगृहांकडे निघतील. टाकी कधी धुतली, पाणी गाळलेले आहे की नाही, हे त्यांनी जरूर विचारावे. मिळून टाकी धुण्याचाही कंटाळा करू नये. मात्र त्या पाण्यावर खोलीतल्या प्रत्येकाचा सारखा हक्क आहे ना, हेही पाहावे. पहिली चौकशी आरोग्याची आहे. दुसरीसाठी एका विद्यार्थ्याने आपले वसतिगृह सोडले होते.